अपुरी हवा

धनश्रीनं फळ्यावर बाणाच्या डावीकडे कार्बनच्या आधी दोन लिहिला, उजवीकडेही दोन लिहिला, आणि दोन्ही बाजूंचे अणू बोटानं मोजले. 2C + O₂ → 2CO. जुळलं.

"बरोबर," वनमाला मॅडम म्हणाल्या. "कोळसा भरपूर हवेत जळला तर कार्बन डायऑक्साइड. हवा कमी पडली की हा, कार्बन मोनॉक्साइड. याला वास नाही, रंग नाही. म्हणून सांगते, थंडीत दार लावून शेगडीजवळ झोपू नका. माणूस झोपेतच जातो."

खडू धनश्रीच्या हातातच राहिला.

"मॅडम, अंगावर काही खूण दिसते का?"

"चेहरा लालसर दिसतो, म्हणतात. का गं?"

ती जागेवर जाऊन बसली.

दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीला गेलेली तिची आई आणि सहा महिन्यांची बहीण कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे पाचट-ताडपत्रीच्या झोपडीत, एका पहाटे मेलेल्या सापडल्या. धनश्री तेव्हा गावात, आजीजवळ होती. आईचे गाल कुंकू फासल्यासारखे लाल होते, असं टोळीतल्या बायका सांगत. साप नाही, ताप नाही, मग करणीच. आणि करणी कुणाची, तर शेजारच्या कोपीतल्या बायनाबाईची. शहादेवची, म्हणजे धनश्रीच्या वडिलांची, ती सख्खी बहीण. लेकरू नाही म्हणून नवऱ्यानं टाकलेली. सगळ्यांत आधी आत तीच शिरली होती. तेव्हापासून शहादेव तिच्याशी बोलला नव्हता. गावाच्या कडेला ती एकटी राहायची, तिच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं.

नेकनूरच्या शाळेतून एसटीनं गावात उतरताच धनश्री जवळजवळ पळतच घरी आली. शहादेव शेळ्यांना पाला टाकत होता.

"आबा, आत्यानं काय केलं न्हाई. ते शेगडीनं झालं." तिनं वही उघडून बाण दाखवला. "कोळसा पेटलेला आन् दार बंद. हवा पुरत न्हाई, मग ईखार वायू होतो."

शहादेवला वाचता येत नव्हतं. तरी तो वहीकडे बघत राहिला.

"पहाटं आलो तवा शेगडी तर भाईर व्हती," तो म्हणाला.

"आत नव्हतीच का?"

त्यानं पाला खाली ठेवला.

"पोरगी लई खोकत व्हती. रातीला ट्रक भराया गेलतो, तवा म्याच ठिवली आत. वारं लागू नये म्हून ताडपत्री बी गच्च बांदली." मग तो पुन्हा वहीकडे वळला, "उघडी आसती तर?"

उत्तर तिला येत होतं. ते तोंडातून निघून गेलं.

"तर हवा पुरली असती."

शहादेवनं मान हलवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि रानाच्या वाटेला लागला. शेळ्या ओरडत राहिल्या.

धनश्री तशीच बायनाबाईकडे गेली. ती भाकरीचं पीठ मळत होती.

"आत्या, मला कळलं. तू काय केलं न्हाईस. शेगडीनं झालं."

बायनाबाईचे हात परातीत थांबले. पण ती चकित झाली नाही.

"शेगडी भाईर कुणी ठेवली?" धनश्रीनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उमजलं.

"आत पाय टाकला तसं डोकं गरगरलं माझं," बायनाबाई खाली बघत म्हणाली. "राख ऊन व्हती आजून. ताडपत्रीच्या गाठी शहादेवच्याच हातच्या. त्याला कळलं आसतं तर तो जित्ता राह्यला आसता का? शेगडी उचलली आन् भाईर ठिवली. मंग लोकं करणी म्हनली. म्हनू दिलं." तिनं वर पाहिलं. "शहादेवला न्हाई ना बोललीस?"

धनश्रीचा चेहरा बघून ती उठली. अनवाणी, पिठाच्या हातांनी, पळतच निघाली.

शहादेव रानातल्या विहिरीपासून दहा पावलांवर, बांधावर बसला होता. बायनाबाई त्याच्या आणि विहिरीच्या मधे जाऊन बसली. तिचा ऊर धपापत होता. धनश्री लांबच थांबली.

मान न वळवता शहादेव म्हणाला,

"बाया, कावून न्हाई सांगितलंस?"

दोन वर्षांत बहिणीशी बोललेले त्याचे हे पहिले शब्द होते. तिनं त्याच्या टॉवेलचं टोक मुठीत धरलं होतं. दिवस मावळला, तरी तिनं मूठ सोडली नाही.