तोंडात कापूस कोंबलेली घंटी

मित्रांनो, मी कुरुंद्याच्या एका गोठ्यातली जुनी पितळी घंटी. कळपाच्या पुढे चालणाऱ्या शेळीच्या गळ्यात माझी जागा. ती मेली की मी तिच्या लेकीच्या गळ्यात जायचं, ही माझ्या मालकीण चंद्रभागाबाईंच्या सासूपासून चालत आलेली रीत.

दोन वर्षांमागे शेळ्यांवर बुळकांडीचा रोग आला. नाकं वाहू लागली तेव्हा कुठे लोक सुई टोचायला धावले. वरातीमागून घोडं! टोचलेल्या सगळ्या गेल्या. उरली एकटी तांबडी, जिच्या गळ्यात मी असायचे ती, कारण ती टोचायची राहून गेली होती. बाईंनी मनाशी गाठ मारली, सुईनेच जीव घेतले. दुखणं आधीच आत शिरलं होतं, हे त्या माउलीला कोण सांगणार? मी नुसती वाजणारी.

यंदा गावचीच पशुसखी, म्हणजे घरोघर जनावरांना लस टोचणारी, सुकन्या दारात आली. दुखणं यायच्या आधीच टोचू, म्हणाली. नवरा मसाजी मागे लागले म्हणून बाईंनी मागाहून विकत घेतलेल्या शेळ्या पुढे केल्या. तांबडीला मात्र हळदीच्या वावरात लपवलं आणि मी वाजू नये म्हणून माझ्या तोंडात कापूस कोंबला. मेलेल्या माणसाच्या नाकात घालतात ना, तसा. सुकन्या पुन्हा येईल या भीतीने तो नंतरही काढला नाही.

महिनाभराने बुळकांडी परतली. टोचलेली एकही शेळी खोकली नाही. तांबडी गेली. तिचं पिणारं करडू सुकन्याने आपल्या घरी नेऊन वरच्या दुधावर जगवलं.

मला कापसासकट खुंटीला टांगलं. त्या संध्याकाळी कळप परतला आणि दाराशी थबकला. शेळ्या दोन्ही अंगांना सरल्या, कुणाला तरी वाट द्यावी तशा. मग मी वाजले. वारा नव्हता, तोंडात कापूस होता, तरी वाजले, अगदी तांबडीच्या चालीने. बाईंच्या हातातलं टोपलं खाली पडलं. पुढे रोज हेच. मसाजी म्हणायचे, भास आहे. पण तेही दाराच्या मधोमध उभे राहीनासे झाले.

करडू मोठं झालं. सुकन्या त्याला घेऊन सुईसकट आली, तेव्हा मी भरदुपारी वाजू लागले. बाईंनी मला उतरवलं, कापूस उपसला, तांबडीच्या लेकीच्या गळ्यात बांधलं आणि तिला पोटाशी घट्ट धरलं.

"टोच सुकन्ये," त्या म्हणाल्या. "हिच्या मायला मी लपवलं व्हतं. ती दारात उभी राहून पाहून राहिली."

मित्रांनो, मुक्या जनावराला जपायचं तर दुखण्याच्या आधी जपा, आणि भीतीपोटी कुणाच्या तोंडात बोळा कोंबू नका. माझं आता बरं चाललंय. फक्त संध्याकाळी कळप दारात शिरतो, तेव्हा घंट्या दोन वाजतात.