सहा माळांचा केक

दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही आणि पाण्याखेरीज काही तोंडात घालत नाही. या नेमाला अकरा वर्षं झाली. का धरला ते देवाला ठाऊक आहे, तेवढं पुरे. पण केक सकाळीच भाजावे लागतात, आणि करणारीला चव बघता येत नसेल तर दुसऱ्या कुणाची तरी जीभ लागते. आमच्या घरात ती सासूबाईंची. जीभ त्यांची मूळचीच तिखट. मी तिला फक्त गोडाच्या कामाला लावली.

आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत एक काचेचं कपाट आहे. त्यातली मधली फळी मालकीणबाई घरी केक करणाऱ्या एखाद्या बाईला विक्रीसाठी देतात. आधीच्या बाई मुलीकडे राहायला गेल्या आणि फळी रिकामी झाली. ती मला हवी होती. पूर्वी दोनदा मी डबे नेऊन दिले होते. दोन्ही वेळा मालकीणबाई म्हणाल्या होत्या, चव छान आहे, पण तुमचा कालचा केक आणि आजचा केक सख्खे भाऊ वाटत नाहीत, चुलत वाटतात. गिऱ्हाइकाला रोज तीच चव लागते. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

या खेपेला मी महिनाभर नवे पदार्थ करून पाहिले. बीट घातलेला चॉकलेट केक विटेसारखा झाला. ह्यांनी तो मुकाट्याने खाल्ला आणि वर दोन तांबे पाणी प्यायले. लिंबाचा टार्ट कापला की आतलं सगळं ताटभर पळायचं. मग संत्र्याचा उलटा केक मनात आला. डब्याच्या तळाशी तांबूस होईपर्यंत जाळलेली साखर, तिच्यावर संत्र्याच्या सालीसकट चकत्या, त्यावर रवा आणि बदामाचं मिश्रण. भाजून झाला की पालथा घालायचा, म्हणजे चकत्या वर येतात.

पहिला घास घेऊन सासूबाई म्हणाल्या, "माझ्या तोंडाइतका कडू झालाय." मी चकत्या दोनदा उकळल्या, मग तीनदा. चौथा केक त्यांना मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखा वाटला, गोड आहे पण खरा वाटत नाही. सातव्याची पाळी आली. त्यांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला आणि तिसरा वाटीखाली झाकून ठेवला. मी समजले.

चव सापडली, तरी तो रोज तसाच यायला हवा होता. घड्याळ लावून भाजला तरी एकदा मधे बसायचा, एकदा कडेला करपायचा. दोष माझाच होता. जीव राहत नाही म्हणून मी दहादा ओव्हनचं दार उघडून बघत होते. शेवटी स्टूल घेऊन ओव्हनपाशी बसले आणि जपाची माळ हातात घेतली. हात गुंतले, दार उघडायचं थांबलं. बरोबर सहा माळा झाल्या की केक तयार. शिवाय मौनात कान जागे असतात. कच्चा केक आत बारीक चुरचुरत असतो. होत आला की त्याचं बोलणं कमी होतं. त्यानंतर ओळीने नऊ दिवस केक एकसारखा आला.

मालकीणबाईंचा निरोप आला, की या वेळी डबा नको, बेकरीत येऊन आमच्या ओव्हनवर करून दाखवा, सकाळी दहाला. दुपारी ओव्हन पावांना लागतो, त्यामुळे वेळ बदलता येणार नव्हती. फळीसाठी आणखी एक बाई येणार होत्या. क्रीमची फुलं काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, एक दिवस बोललीस तर देव काही रजेवर जाणार नाही. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी सुस्कारा टाकला आणि चपला शोधायला लागल्या. "चल मग, मीच येते. तुझ्या वाटचं बोलायची मला सवय आहेच."

बेकरीच्या आतल्या खोलीत त्यांनी मालकीणबाईंना माझा नेम सांगितला आणि त्याला जोडून माझं माहेर, ह्यांचं पोट आणि स्वतःचे गुडघेही सांगितले. क्रीमवाल्या बाई आपला केक आधीच भाजून त्यावर फुलं काढत बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, आमच्या सुनेलाही हा नेम लावून द्या. मी साखर जाळली, चकत्या मांडल्या, डबा ओव्हनमध्ये ठेवला. मालकीणबाईंनी चाळीस मिनिटांची घंटा लावली. शेजारी पिठाचं यंत्र घरघरत होतं.

मी माळ काढली. सहा माळा झाल्या तरी घंटा वाजली नव्हती. मी खुशीत उठले, दार बोटभर उघडलं आणि कान लावला. केक चांगला चुरचुरत होता.

तेव्हा कळलं. भीतीपोटी मी नुसते भराभर मणी ढकलले होते. नाव एकदाही मनापासून घेतलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे सहाव्या माळेनंतर दार उघडायचं असतं, म्हणून ते मी कच्च्या केकावर उघडलं होतं. आत शिरलेली गार हवा किती वेळ खाणार, हे माळही सांगणार नव्हती आणि घड्याळही. मी दार लावलं, देवाची मनात क्षमा मागितली आणि पुन्हा पहिल्या मण्यावर आले. सावकाश.

घंटा वाजली. मालकीणबाई म्हणाल्या, काढा आता. मी बसूनच राहिले. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी माझ्याकडे. मी कानाला हात लावला आणि यंत्राकडे बोट दाखवलं.

"ते घरघर जरा बंद करा," सासूबाई म्हणाल्या. "तिला ऐकायचंय."

"काय ऐकायचंय?"

"ते मला काय ठाऊक? पण ती उगाच बसणाऱ्यातली नाही."

यंत्र थांबलं. क्रीमवाल्या बाई काहीतरी बोलायला गेल्या, तर सासूबाईंनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना इतका वेळ न बोलता पाहिलं नव्हतं. ओव्हनमधली चुरचुर आता नीट ऐकू येत होती. ती विरळ झाली, मग अधूनमधून एखादा आवाज, मग तोही लांबला. माळ अर्ध्यावर होती. मी ती खिशात ठेवली आणि केक काढला.

पुन्हा माळ घेतली आणि ती एकदा पुरी होईपर्यंत तो डब्यातच निवू दिला. मग वर ताट ठेवलं, डबा पालथा घातला आणि हलकेच उचलला. एकही चकती मागे राहिली नाही. वरची साखर काचेसारखी चकाकत होती.

मालकीणबाईंनी आधी क्रीमवाल्या बाईंचा केक खाल्ला आणि फुलांचं तोंडभरून कौतुक केलं. मग माझा खाल्ला. लगेच त्यांनी दुसरा तुकडा कापला आणि तो क्रीमवाल्या बाईंपुढे केला. त्या बाईंनी खाल्ला, चमचा चाटला आणि म्हणाल्या, "खरं सांगते, ही फळी माझी नाही."

मालकीणबाईंनी मला विचारलं, "परक्या ओव्हनवर असा येतो, म्हणजे रोज येईल. उद्यापासून चार केक द्याल?"

भिंतीवरच्या घड्याळात बाराचे ठोके पडायला लागले. बारा होईपर्यंत सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

"देईन," मी म्हणाले. "पण आधी आमच्या आईंना पाणी द्या. सकाळपासून दोघींचं बोलतायत."