नऊ गाठींची बाहुली

सुरभीचा धर्म कुठला, हे तिच्या बापाला ठाऊक नव्हतं, आईला नव्हतं, आणि रोज पावणेसातला पेणमधल्या रामवाडीच्या नाक्यावर तिच्याशेजारी कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्यांना तर नव्हतंच नव्हतं. वडील गोपाळ मास्तर, पेणच्या शाळेतून निवृत्त झालेले. घरात रोजची देवपूजा, चतुर्थीला उकडीचे मोदक, सगळं यथासांग. आणि त्यात ह्या पोरीचा धर्म विक्का! आता तुम्ही विचाराल, हे काय असतं बुवा? कॉलेजात असताना तिला ते मोबाइलवर सापडलं होतं. परदेशातला धर्म. चंद्र बघायचा, ऋतू पाळायचे, माती, पाणी, वारा, विस्तव यांचा मान ठेवायचा, आणि कुणाचं वाईट चिंतायचं नाही. चिंतलं तर तिप्पट होऊन आपल्याच अंगावर येतं. ऐकायला किती छान. पण त्याचं मराठी करायला जावं तर शब्द निघतो चेटकीण. मग सांगणार कुणाला, आणि कुठल्या तोंडानं?

म्हणून तिनं तो धर्म नोकरीतच जिरवला होता. रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये ती केमिस्ट. तिथं काडी ओढायची बंदी, तेव्हा मेणबत्तीबिणबत्तीचा प्रश्नच नाही. ती चहा ढवळताना चमचा उजवीकडून फिरवायची आणि मनात दिवसाचं एक मागणं मागायची. पहिलं सॅम्पल काट्यावर ठेवण्याआधी टेबलाच्या चार कोपऱ्यांना बोट लावून चार दिशांना नमस्कार करायची. बघणाऱ्याला वाटे, धूळ बघतेय. बॅच नापास झाली, साहेब ओरडले, की आवारातल्या करंजाला पाठ टेकून दोन मिनिटं उभी राहायची. लॅबच्या डायरीत तारखेशेजारी पेन्सिलीनं चंद्राची कोर काढायची. ऑडिटवाल्यांनी एकदा विचारलं तर म्हणाली, "सुट्टीची खूण आहे, सर." एवढंच होतं बिचारीचं चेटूक. पण आठ तास त्या उग्र वासात उभं राहून संध्याकाळी माणसासारखी घरी यायची ती त्याच्याच जोरावर.

शेजारच्या टेबलावर भूमिका. रोह्यापलीकडच्या गावातली, नवरा नितेश डोलवीला कंपनीत कंत्राटी, शिफ्ट सांभाळून आठवड्याला घरी. भूमिका तोंडाची फटकळ आणि मनाची लोण्यासारखी. सुरभीच्या डब्यातली पोळी हिसकावून घ्यायची आणि आपली तांदळाची भाकरी तिच्यापुढं ढकलायची. "खा गो, काय ती पुठ्ठ्यासारखी पोळी खातेस." चार वर्षं दोघींचं असं चाललं होतं. लॉकरसुद्धा एकमेकींना उघडे. हिच्या लॉकरची चावी तिच्याकडे.

भूमिकाला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन पाचव्या महिन्यातच गेली. डॉक्टर म्हणत, सगळं ठीक आहे. सासू बायजाबाईंचे नवस बोलून झाले होते, दोरे बांधून झाले होते. चौथा महिना लागला तेव्हा एक दिवस हात धुताना भूमिका एकदम म्हणाली, "ह्या येळेला पन गेला ना, तर मी नाय वाचणार गो." नळ चालूच होता. सुरभीनं तो बंद केला, आणि ठरवलं की आपल्याला जे येतं ते आपण करायचं.

आता तिच्या धर्मात एक साधा नियम आहे. दुसऱ्यासाठी काही करायचं तर आधी त्याला विचारायचं. विचारलं असतं तर भूमिका काय म्हणाली असती? "आण गो, ता पन बांधते," असंच म्हणाली असती, दुसरं काय! पण सुरभी घाबरली. ही नितेशला सांगणार, नितेश आईला, मग गावभर. दहा वर्षं लपवून लपवून ती सवय इतकी हाडात गेली होती, की जिथं तोंड उघडायला हवं होतं नेमकी तिथंच ही गप्प बसली. चूक झाली ती इथं. बाकीचं सगळं त्याच्या मागनं आलं.

शुक्रवारी पहाटे, बसच्या आधी, गच्चीवर बसून तिनं अंगठ्याएवढी बाहुली शिवली. हिरव्या ब्लाउजपिसाचा तुकडा, आत तांदूळ, चिमूटभर मिठागरातलं मीठ, भूमिकाच्या कंगव्यातून काढून आणलेले चार केस. पोटात वालाचा एक दाणा. ते बाळ. वरून पाण्याचा शिंतोडा. मग पोटाभोवती लाल दोरा गुंडाळून नऊ महिन्यांच्या नऊ गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठीला म्हणाली, राहा रे बाळा, राहा. म्हणताना डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या.

केस, बाहुली, लाल दोरा, वर नऊ गाठी! अगं, पेणच्या मातीत वाढलेली पोर तू, तुला दिसू नये हे काय दिसतंय ते? पण डोक्यात सगळं मोबाइलवरचं. तिकडं अशा बाहुलीला राखण समजतात. इकडं तिला काय म्हणतात, ते शेंबडं पोरही सांगेल. सुरभीनं ती चिंधीत गुंडाळून भूमिकाच्या लॉकरच्या मागच्या पत्र्याला, रेनकोटाच्या आड, चिकटपट्टीनं चिकटवली आणि सुखानं कामाला लागली.

जुलैत पाचवा महिना लागला. मंगळवारी अकराच्या सुमारास भूमिकानं टेबलाची कड धरली. "सुरभी, खाली ओला लागतंय गो." बस्स, एवढंच. कंपनीच्या अँब्युलन्समध्ये चढवेपर्यंत सुरभीनं तिचा हात धरला होता. भूमिकाच्या नखांचे वण मनगटावर उठले. तीन वाजता फोन आला. गेलं.

भूमिकाची पर्स हॉस्पिटलात पाठवायची म्हणून काळुरामनं तिच्या टेबलावरची चावी घेऊन लॉकर उघडला. काळुराम म्हणजे लॅबमधला जुना मदतनीस, सगळ्यांचा काका. त्यानं रेनकोट ओढला आणि मागनं ते गाठोडं खाली पडलं. त्यानं ते लॅबच्या टेबलावर आणून सोडलं. महिनाभर ओल्या रेनकोटाला टेकून दाणा भिजला होता, फुगला होता. बाहुलीचं पोट टाक्यांवर फाटलं होतं आणि आतून बुरशी धरलेला पांढरा कोंब बाहेर लोंबत होता. सहा माणसं उभी होती. सगळी दोन पावलं मागं सरली.

"आई गो!" काळुराम म्हणाला. "कुनाचा ह्या पाप? सरा बाजूला, जालतो आधी."

"जाळू नका!" सुरभी ओरडली. त्यात भूमिकाचे केस होते. ते जळले तर भूमिकालाच चटका बसेल, एवढंच तिच्या मनात आलं. "जाळू नका, माझी आहे ती."

झालं. एका वाक्यात होत्याचं नव्हतं झालं.

लॅबचे मॅनेजर प्रविणसर भला माणूस. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं. "एम.एस्सी. ना तुम्ही? आणि हे काय?" मग स्वतःच एक कागद तयार केला. मी हे गंमत म्हणून केले, माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, मी माफी मागते. "सही करा. मी वरती सांभाळून घेतो. नाहीतर पोलीस येतील, जादूटोण्याचा कायदा कडक आहे."

सुरभीनं कागद दोनदा वाचला. "गंमत नव्हती, सर."

"मग काय होतं?"

"प्रार्थना होती."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घरी जा," म्हणाले. "आम्ही कळवू."

पुढचे आठ दिवस ती रामवाडीच्या घरात बसून राहिली. बातमी तिच्याआधी पेणला पोचली होती. गोपाळ मास्तर रागावले नाहीत, तेच वाईट. फक्त एकदा विचारलं, "आपल्या देवघरात काय कमी होतं गं?" नोकरीचं सुरभीला काही वाटेना. गेली तर गेली. भूमिकाला वीसदा फोन केला, एकदाही उचलला नाही. तिला फक्त एवढंच हवं होतं, की भूमिकाला कळावं, मी तुझं वाईट चिंतलं नव्हतं. जगानं काहीही म्हणावं, त्या एका माणसानं तसं म्हणू नये. नवव्या दिवशी ती एसटीनं रोह्याला गेली आणि तिथून रिक्षानं भूमिकाच्या गावात.

ओटीवर बायजाबाई बसल्या होत्या. सुरभीला बघून उठल्या. ओरडल्या नाहीत. "उंबरा वलांडू नको," म्हणाल्या आणि आत जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आल्या. काळुरामनं बाहुली जाळली नव्हती, इथं पोचती केली होती. बायजाबाईंनी ती केळीच्या पानावर ठेवली. "सोर. ज्या हातान बांधलीस, त्याच हातान सोर."

सुरभी ओटीच्या पायरीवर बसली. दोरा ओलीनं घट्ट बसला होता. नखं दुखली, पण एक एक करत नवाच्या नऊ गाठी सोडवल्या. बायजाबाई समोर बसून मोजत होत्या. आणि तेव्हा सुरभीच्या लक्षात आलं, की बांधलेलं बांधणाऱ्यानंच सोडायचं, हे तिच्याही धर्मात असंच आहे. अख्ख्या जगात तिच्या धर्मावर विश्वास ठेवणारं एकच माणूस तिला भेटलं होतं, आणि ते तिला चेटकीण समजत होतं. हसावं की रडावं तिला कळेना.

"पोर पेज पन घेत नाय," बायजाबाई म्हणाल्या. आवाज फाटला होता. "जा. काय बोलायचा ता बोल आन् चालू लाग."

भूमिका खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. गाल बसले होते. सुरभी दाराशीच थांबली.

"खरा बोल," भूमिका म्हणाली. "त्या बाहुलीन गेला माजा पोर?"

"नाही गं! तुझ्या चांगल्यासाठी केली होती. बाळ राहावं म्हणून. आईशप्पत."

"मंग का नाय रायला?"

आठ दिवस हाच प्रश्न सुरभी स्वतःला विचारत होती. समोर ही अशी बसलेली, बाहुलीच्या भीतीनं सुकून गेलेली. तिच्या मनावरचा धोंडा आपल्या हातानं उतरवता येत असेल तर उतरवू, असं तिला वाटलं. "कारण त्यात काही नसतंच, भूमिका," ती म्हणाली. "चिंधी, मीठ नि तांदूळ. त्यानं चांगलं होत नाही आणि वाईटही होत नाही. सगळा खुळेपणा आहे माझा." प्रविणसरांच्या कागदावर जे लिहून दिलं नाही, ते ह्या दारात सांगून टाकलं. दहा वर्षांचा धर्म एका दमात संपला, आणि बोलता बोलता तिला कळलं की हे आपण नुसतं सांगत नाही, आपल्यालाही तसंच वाटतंय. आतून अगदी रिकामं रिकामं झालं.

पण भूमिकाचा चेहरा हलका झाला नाही. तो आणखीच काळवंडला.

"मंजी कुनी कायच केला नाय."

"नाही."

"कुनीच नाय." भूमिका भिंतीकडे बघत राहिली. "दोन येला गेला तवा आई बोलल्या, हिच्या अंगातच टिकत नाय. नितेश पन तसाच बोलला. ह्या येला पैल्यांदा बोलल्या, माज्या सुनेचा काय दोस नाय. आठ दिस माज्या डोक्यावरशी हात फिरवतात गो त्या. रातीला बाजूला निजतात." तिनं सुरभीकडे पाहिलं. "आन् तू सांगतेस काय नव्हता. मंजी परत मीच."

सुरभीनं मागं बघितलं. बायजाबाई दारात येऊन उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या, आणि सुनेकडे बघताना त्यांच्या कपाळाला हळूहळू आठी पडत होती. ती आठी सुरभीनं बघितली आणि तिचा जीव कळवळला.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली. "आत्ता बोलले ते खोटं. करणी केली मी."

"का?" भूमिकानं विचारलं.

का? कारण काय सांगायचं? मग गावाला चटकन पटेल असं तिनं सांगितलं. "तिशी आली, माझं लग्न नाही. तुझं सगळं बघून जळत होते. तुझ्यात काहीएक खोट नाही, भूमिका. बाळ राहिलं असतं. मी राहू दिलं नाही."

भूमिकाचा विश्वास बसला, की तिनं तो बसवून घेतला, देव जाणे. मग आठ दिवस कोंडलेलं रडू मोठ्यानं बाहेर आलं. "जा," ती रडत रडत म्हणाली. "परत तोंड दावू नको मला. मरेपरेंत दावू नको."

बायजाबाईंनी सुरभीचे केस धरले आणि फरफटत अंगणात आणलं. शेजारीपाजारी धावत आले. "कबूल झाली! तोंडान कबूल झाली रांड!" बायजाबाई छाती बडवत सांगत होत्या. सुरभी हात वर करून काही अडवत नव्हती. तेवढ्यात आतून भूमिकाची हाक आली. "आई, भूक लागली गो."

बायजाबाईंनी सुरभीचे केस सोडले आणि धावतच आत गेल्या. "आनते गो माजे बाय, आनते, ऊन ऊन पेज आनते."

अंगणात कुणीतरी पोलिसांना फोन लावला होता. बाईचं नाव काय, असं पलीकडून विचारत होते, आणि त्याला सांगता येईना. सुरभीनं केस मागं केले आणि त्याला आपलं पूर्ण नाव सांगितलं.