पटावरचे वय

दर रविवारी पॅरामॅटाच्या एका सभागृहात आमची मराठी शाळा भरते. तिथे जन्मदाखल्याशिवाय मी आजवर कोणालाही प्रवेश दिलेला नाही. "बाई, मूल समोर उभं आहे, दाखला कशाला?" असे विचारणाऱ्या पालकांना मी दारातूनच परत धाडले आहे. पुण्यात मुख्याध्यापिका असताना हाच नियम होता. देश बदलला म्हणून नियम बदलत नाही.

त्या मंगळवारी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात मी याच ताठ्याने बसले होते. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी माझे रक्त घेतले होते. वयाबरोबर जनुकांवरच्या रासायनिक खुणा बदलत जातात. त्या मोजून शरीर प्रत्यक्षात किती जुने झाले, ते हे लोक काढतात. शरीराचे वय जन्मतारखेच्या फार पुढे धावत असेल, तर मेंदूचीही तपासणी करावी, असा त्यांचा शिरस्ता. सोबत मुलगा यतिन आणि सून विनीता होती.

निकाल सांगणारी जर्ट्रूड मूळची वसईची. "बाई, कागदावर अठ्ठ्याहत्तर, रक्तात एक्क्याऐंशी. फरक तीनचा. चारच्या वर गेला तरच आम्ही स्कॅनला बोलावतो. सो, नो वरीज!"

"बघ आई, उगाच घाबरत होतीस," यतिन म्हणाला.

"मी? सकाळपासून तीन कॉफ्या कोणी रिचवल्या?"

सगळे हसले. जर्ट्रूडने पुन्हा पडद्याकडे पाहिले. "एक जून! आमच्या यादीत तुमच्यासारखे एक जूनचे आणखी पाच जण आहेत. आमचा बॉस विचारत होता, तुमच्याकडे त्या दिवशी सेल असतो काय?"

"माझे बाबाही एक जूनचेच!" विनीता म्हणाली. "शाळेत घालताना हेडमास्तर ठोकून द्यायचे. आई, तुमची तारीख खरी आहे ना?"

"आईची?" यतिन म्हणाला. "आईची तारीख खोटी निघाली तर मी मिशा काढीन."

मी पडद्यावरच्या त्या तारखेकडे पाहिले.

गावातल्या शाळेत मुलींचा पट भरत नव्हता. पट भरला नाही तर दुसरे शिक्षक जाणार होते. म्हणून गुरुजी आमच्या ओसरीवर आले आणि चार वर्षांच्या मला सहा वर्षांची लिहून घेऊन गेले. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मान डोलावली. त्याच तारखेवर मी नोकरीला लागले, दोन वर्षे आधी निवृत्त झाले, तीच तारीख असलेल्या पासपोर्टवर इथे आले. मुलाने थाटाने केलेली पंचाहत्तरीसुद्धा त्र्याहत्तराव्या वर्षी साजरी झाली. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण त्याने कधी काही बिघडेल, असे मनात आले नव्हते.

एक्क्याऐंशीतून शहात्तर गेले. पाच उरले.

आणि मला औटकी आठवली. साडेतीनचा हा पाढा मी लहानपणापासून रोज सकाळी म्हणते. गेल्या महिन्यात साताशी येऊन अडले. नात ओवी खिदळली, "आजी, आर यू बफरिंग?" मी तिला दटावले. त्यानंतर चार वेळा अडले, आणि दर वेळी कोणी ऐकू नये म्हणून दार लोटून घेतले होते.

आता बोलले तर रविवारची शाळा हातून जाईल. यतिन मला एकटीला मेट्रोतही बसू देणार नाही. न बोलले तर फरक तीनचाच राहील, आणि डोक्यात जे काही चालले आहे ते त्या तिनाच्या आड निवांत चालू राहील.

"जर्ट्रूड, माझी जन्मतारीख चुकीची आहे. वय दोन वर्षांनी कमी करा."

"दाखला आहे, बाई?" तिने हळूच विचारले.

"नाही."

हा शब्द मी टेबलाच्या या बाजूने प्रथमच उच्चारला.

तिने कळा दाबल्या. पडद्यावर पाचाचा आकडा उमटला. "बाई, हा आकडा म्हणजे आजार नव्हे. नीट पाहायला हवं, एवढंच. गुरुवारी याल?"

"येईन."

"बाबांना माहीत होतं?" यतिनने विचारले.

"होते."

"आणि मला नाही सांगितलंस? इतकी वर्षं?"

विनीता चाचरत म्हणाली, "आई, मग रविवारी शाळा..."

"शाळा भरेल. हजेरी तू घेशील. मी शेजारी बसेन. आणि यतिन, मिशा राहू दे."

तो हसला नाही.

कॅसल हिलला घरी परतताना यतिन गाडी चालवत होता. मी औटकी सुरू केली. या वेळी मोठ्याने. साताशी आले आणि पुढे काहीच नव्हते. खिडकीबाहेरची घरे सरकत राहिली.

"झाली म्हणून?" यतिनने आरशातून विचारले. त्याला औटकी येत नाही. हो म्हटले असते तर खपले असते.

"नाही," मी म्हणाले.