शेठाणीच्या समोरचा पंप

मित्रांनो, मला जुना पंप म्हणा. मत्सरी म्हणालात तरी मी रागावणार नाही, कारण ते खरं आहे.

मी राजकोटच्या ओतशाळेत जन्मलो. धाकटा भाऊही त्याच साच्यातला. आम्हा दोघांना मेहसाण्याजवळच्या एका दूधडेअरीत शेजारशेजारच्या चौथऱ्यांवर बसवलं. बर्फगार पाणी दुधाच्या नळ्यांभोवती फिरवायचं, म्हणजे गावोगावचं दूध नासत नाही, हे आमचं काम. एक दमला की दुसरा चाले.

समोर शेठाणी होती. शेठाणी म्हणजे बर्फ करणारा मोठा कॉम्प्रेसर. जेसंगभाई फिटर सकाळी आले की आधी तिच्या अंगावर हात ठेवत, तिला तेल देत, पुसत. मला मिळे ती जाता जाता एक थाप.

पुढे आम्हा सगळ्यांच्या अंगावर लहान डब्या चिकटवल्या गेल्या. आमची थरथर, आमचा ताप त्या संगणकाला कळवत, आणि आज आधी कोणाकडे जायचं ते संगणक ऑफिसात बसणाऱ्या इंजिनियर हेतलबेनना सांगे. मला वाटलं, आता न्याय होणार! माझं बेअरिंग कुरकुरत होतं, शेठाणीला नुसती बारीक थरथर होती. तरी पडद्यावर ती पहिली आणि मी चौथा!

जेसंगभाईसुद्धा म्हणाले, "बेन, हा बिचारा कण्हतोय आणि शेठाणीला नुसती शिंक आली तर चार माणसं पळतात. हा कुठला कायदा?"

हेतलबेन हसल्या. "काका, संगणक नुसतं दुखणं बघत नाही. कोण बंद पडलं तर किती अडेल, तेही बघतो. पंपाला जोडीदार आहे. शेठाणीला कोण आहे?"

जेसंगभाईंना पटलं. मला नाही. मी जळतच राहिलो.

उन्हाळा लागताना शेजारच्या गावच्या शीतकेंद्राचा पंप जळाला. त्यांचा माणूस धावत आला. हेतलबेन बहिणीच्या लग्नाला गेल्या होत्या. जेसंगभाईंनी धाकट्याला टेम्पोत चढवून दिलं. "चार दिवसांत परत आणा हं!" विरजण मागायला आलेल्या शेजारणीला कोणी नाही म्हणतं का? धाकट्याची डबी हरवू नये म्हणून त्यांनी ती जपून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.

धाकटा परत आला नाही. मला विश्रांती उरली नाही. खिळ्यावरची डबी मात्र गार आणि शांत होती, म्हणून संगणक समजत राहिला की धाकटा ठणठणीत आहे. मी चौथाच राहिलो.

एका दुपारी शेठाणीला उघडलं. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. मी इकडे तापत होतो, बेअरिंग किंचाळत होतं. तेवढ्यात ऑफिसातून हेतलबेनचा फोन आला.

"काका, पंप फार तापलाय. त्याला थांबवा आणि धाकटा चालू करा."

"धाकटा कुठून आणू, बेन? त्याच्या चौथऱ्यावर आम्ही जेवणाचे डबे ठेवतो."

 हेतलबेन उसळून म्हणाल्या, "अहो, मला सांगायचं ना!"

"तुम्ही लग्नाला गेला होता. मला वाटलं, एवढा शहाणा संगणक, त्याला दिसत असेल."

"त्याला डोळे नाहीत हो काका! आपण सांगू तेवढंच त्याला कळतं!"

संध्याकाळच्या दुधाचे टँकर यायला थोडाच वेळ होता. मी मध्येच बंद पडलो असतो, तर कित्येक गावांचं दूध गटारात गेलं असतं. हेतलबेननी धाकट्याचं नाव संगणकातून काढलं. तत्क्षणी मी पहिला झालो. टाकीत रात्रीपुरता बर्फ साठलेला होता, म्हणून शेठाणीला तशीच उघडी टाकून सगळे माझ्याकडे धावले. माझं बेअरिंग काळंनिळं पडलं होतं. जेसंगभाईंनी भराभर नवं बसवलं. पहिला टँकर फाटकातून आत आला, तेव्हा मी पुन्हा फिरत होतो. दूध वाचलं.

मित्रांनो, त्या दिवशी मी तोऱ्यात शेठाणीकडे पाहणार होतो, पण माझी नजर बाजूच्या रिकाम्या चौथऱ्यावर गेली. मी मोठा झालो म्हणून पहिला आलो नव्हतो. माझ्याजवळ कोणी उरलं नव्हतं, म्हणून आलो होतो. शेठाणी तर जन्मापासून अशीच एकटी होती.

कोणाची जोडी मोडली, कोणी एकटं पडलं, तर ते वेळीच सांगत जा. न सांगता सगळं कळतं असं समजू नका. आणि ज्याच्याभोवती सगळे जमतात त्याचा हेवा करण्याआधी, त्याच्या शेजारी कोणी आहे का, तेवढं बघा.