खंडेरावाचा आवाज

खंडेरावाचा फोन लागत नाही, ही बिडकीनपासून पैठणपर्यंत सगळ्यांची तक्रार. आणि ती काही खोटी नव्हती. मेंढरांमागं हिंडणारा माणूस तो! फोन कधी घोंगडीत गुंडाळलेला, तर कधी चार्जिंगला गावातल्या गिरणीत ठेवलेला. उन्हाळ्यात पिकं निघाली की शेतकरी रात्रीची मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात. लेंड्यांचं खत आयतं पडतं, मेंढक्याला धान्य आणि चार पैसे मिळतात. पण त्यासाठी आधी मेंढका सापडायला नको का? लोक फोन लावून लावून बेजार व्हायचे आणि शेवटी मोटारसायकल काढून त्याचा वाडा शोधत रानोमाळ फिरायचे. वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. आज इथं, तर आठवड्यानं भलतीकडंच.

खंडेरावाचा थोरला, शिवशंकर, संभाजीनगरात औरंगपुऱ्यातल्या एका ऑफिसात कामाला होता. दुकानं, दवाखाने, शिकवण्या, असल्या लोकांच्या फोनला उत्तर देणारं यंत्र बसवून द्यायचं, हा त्या ऑफिसचा धंदा. यंत्र म्हणजे काही डबा नव्हे, सगळा कारभार फोनच्या पोटातच. मालकानं फोन उचलला नाही की यंत्र बोलायला लागतं. काय पाहिजे विचारतं, तारीख ठरवतं आणि मालकाला निरोप टाकतं. आताशा तर ते मालकाच्याच आवाजात बोलतं. समोरच्याला पत्ता लागत नाही.

"आबा, तुमच्या फोनला बसवून देतो," एका रविवारी वाड्यावर येऊन शिवशंकर म्हणाला. "तुम्ही खुशाल मेंढरं राखा. बोलायचं काम ते करील."

मग त्यानं बापाला लिंबाखाली बसवून बोलतं केलं. काय बोलू, काय बोलू म्हणत खंडेराव सुरू झाला तो थांबेना. मेंढरांच्या खुरांचा रोग, लांडग्यानं नेलेली कोकरं, नाठाळ एडका, सगळं सांगून झालं. शेवटी बानाबाई भाकरी थापता थापता ओरडली, "आवं, बास करा! त्या यंत्राला ताप येईल." पण नवऱ्याचा आवाज यंत्रातून आल्यावर तिच्याही हातातली भाकरी तशीच राहिली. "हां, बोला पाव्हनं, खंडेराव बोलतोय." अगदी तसाच! तोच घोगरेपणा, तेच 'हां' म्हणणं.

"आरं, ह्यो तर मीच हाय की!" खंडेराव म्हणाला, आणि त्याला मनातून लई भारी वाटलं.

खरं सांगायचं तर तो चढूनच गेला. फोन हातात असला तरी वाजू द्यायचा. मग स्पीकर लावून आपण कसे बोलतो ते मिशीत हसत ऐकायचा. यंत्र त्याच्यापेक्षा गोड बोलत होतं. शेतकऱ्याला 'ताई', 'दादा' म्हणत होतं, कुणावर खेकसत नव्हतं. महिनाभरात वाड्याला रिकामी रात्र उरली नाही. बानाबाई म्हणायची, "एवढं गोड माझ्याशी कधी बोलला नाही मेला."

अक्षय तृतीया जवळ आली तसा शिवशंकर पुन्हा वाड्यावर आला आणि फोनमधल्या तारखा बापाला वाचून दाखवायला लागला. "आता सोमवारपासून सणापर्यंत राजेंद्रशेठकडं. मोसंबीच्या बागेशेजारचं मोकळं रान."

खंडेरावानं तोंडातली सुपारी थुंकली. "कुनाकडं? आरं, सणाआधीचं दिस द्वारकाबाईचं असत्यात!"

शिवशंकराचा चेहरा पडला. ते त्यालाही ठाऊक होतं. लहानपणापासून तो त्या रानात झोपला होता. द्वारकाबाई एकटीनं जमीन कसणारी बाई. दर गुढीपाडव्याला खंडेराव तिच्या दारी जायचा, चौकटीला खंडोबाचा भंडारा लावायचा आणि 'येतो' म्हणायचा. तेवढ्यावर सगळं पक्कं. भंडारा लावलेला शब्द त्याच्या बापानं कधी मोडला नव्हता, त्यानंही नाही. यंदाही पाडव्याला तो जाऊन आला होता. पण द्वारकाबाईनं रानासाठी कधी फोन केला नव्हता, म्हणून यंत्राला तिचं नावच माहीत नव्हतं. आणि जे दरसालचं पक्कंच आहे ते यंत्राला सांगायला पाहिजे, हे ना बापाला सुचलं ना लेकाला.

"फोन करून राजेंद्रशेठला नाही म्हणून टाकू," शिवशंकर म्हणाला.

"फोनवर दिलेला शब्द फोनवरच मोडायचा? अन् उद्या माझ्या आवाजावर कोन भरवसा ठेवंल? चल, गाडी काढ."

राजेंद्रशेठ बागेतल्या पत्र्याच्या शेडखाली बसला होता. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत. चिकलठाण्यात त्याचा कारखाना, इथं बाग, आणि दोन्हीकडची कामं फोनवर. खंडेरावानं रस्ताभर मनात जुळवणी केली होती, की ते बोलणं माझं नव्हे, यंत्राचं होतं. पण सोमवारचं नाव काढताच, काय ठरलंय ते बघायला शेठनं आपल्या फोनमधलं रेकॉर्डिंग लावलं आणि शेडमध्ये खंडेरावाचाच आवाज घुमला. "व्हय, येतो की! सोमवारपासनं तुमच्याच रानात. काळजी करू नका."

हा आवाज आपला नाही असं कसं म्हणायचं? आईनं ओळखला असता, बायकोनं ओळखला होता. द्वारकाबाईला काय तोंड दाखवू, हेच खंडेरावाच्या मनात येत राहिलं.

"आवाज माझाच हाय शेठ," तो शेवटी म्हणाला. "म्हंजी शब्दबी माझाच. येतो मी सोमवारी."

"या की," राजेंद्रशेठ सवयीनं म्हणाला आणि मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं. "थांबा. तुमच्याशी ही बाई कोण बोलतेय? आमच्याकडं अशी बोलणारी कुणी नाही."

शिवशंकरानं कान देऊन ऐकलं. एक शुद्ध, गोड, जरा जास्तच नम्र बाई मेंढरांची संख्या विचारत होती. त्याला हसू आवरेना. "शेठ, हे तुमचं यंत्र आहे. आमच्याच ऑफिसानं तुमच्या कारखान्यात बसवलंय ना, तेच."

चौकशी केल्यावर उलगडा झाला. माती तपासणीच्या अहवालात कुणीतरी 'शेणखत वाढवा' असा शेरा मारला होता. शेठच्या यंत्रानं तो वाचला, मेंढक्याचा नंबर शोधला आणि खंडेरावाच्या यंत्राला फोन लावला. दोन्ही यंत्रं एकमेकांशी अदबीनं बोलली आणि व्यवहार ठरवून मोकळी झाली. दोघा मालकांना गंधवार्ता नाही!

"अहो, मी त्या रानात परवाच ठिबकच्या नळ्या टाकल्यात," राजेंद्रशेठ कपाळाला हात लावून म्हणाला. "मेंढरं बसली तर नळ्यांचा भुगा होईल. मला मेंढरं नकोच आहेत."

"मग मी मोकळा?"

"मोकळे म्हणजे काय, उपकार होतील!"

तिघंही पोट धरून हसले. खंडेरावाच्या डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना. केवढं ओझं उतरलं होतं! गाडीवर बसता बसता तो लेकाला म्हणाला, "आता सरळ द्वारकाबाईकडं घे. ज्वारी दळून ठेव म्हून सांगतो." दरसाल वाडा आला की ती मेंढक्यांना आपल्या पिठाच्या भाकरी घालायची, त्यात तिला कोण हौस.

द्वारकाबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि "बसा" म्हणाली. हसली मात्र नाही.

"सोमवारी येतोय बगा," खंडेराव तांब्या तोंडाला लावत म्हणाला. "दळण करून ठेवा."

"कोन येतंय?"

"कोन म्हंजी? मीच की."

"तुमीच म्हनलात ना, दुसरीकडं ठरलंय म्हून?" द्वारकाबाईनं सूप खाली ठेवलं. "दळणाचंच इचारायला फोन केला व्हता मी. म्हनलं, औंदा मानसं किती हायेत, पीठ किती लागंल. तर म्हनलात, त्या दिसांत जमनार नाय ताई."

खंडेरावानं तांब्या खाली ठेवला. "ते मी नव्हतो, बाई. ह्या पोरानं यंत्र बसवलंय, ते बोलतंय माझ्या आवाजात."

"मला काय ठावं? आवाज तुमचाच व्हता. मी म्हनलं, भाऊ, पाडव्याला भंडारा लावून गेलात की. तर म्हनलात, तशी नोंद दिसत नाय ताई, माफ करा."

शिवशंकरानं मान खाली घातली. 'माफ करा' हे वाक्य त्यानंच यंत्रात घातलं होतं. गिऱ्हाइकाला बरं वाटतं म्हणून.

"लई वाईट वाटलं मला," द्वारकाबाई म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही, म्हणून ते आणखीच लागलं. "त्या राती घास उतरला नाय. रानाचं काय, कुनाचीबी मेंढरं बसतील. पन नाय म्हनायचं व्हतं तर दारात येऊन म्हनायचं. मी काय भांडले असते का? शब्द उंबऱ्यात द्यायचा अन् मोडायचा फोनवर, असं कधी केलं नव्हतं तुमी."

खंडेराव काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात त्याची नजर चौकटीवर गेली. तिथं भंडाऱ्याची दोन बोटं होती. एक त्याचं, पाडव्याचं, फिकं पडलेलं. दुसरं ताजं, पिवळंधमक.

"मुंजाबा आला व्हता," ती म्हणाली. मुंजाबा म्हणजे खंडेरावाचा चुलतभाऊ, त्याचाही वाडा याच भागात फिरत असे. "त्यानं इचारलं, रान मोकळं हाय का. मी हाय म्हनलं."

"त्याला मी सांगतो. माझं ऐकंल तो."

"तो ऐकंल वो. पन मी व्हय म्हनलंय ना त्याला."

तोच शब्द, तोच भंडारा, ज्याच्या जिवावर खंडेराव उभा जन्म ताठ मानेनं चालला होता. तिला शब्द मोड म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"चुकलं माझं, बाई," तो म्हणाला. "तुमचा फोन आला तवा फोन माझ्या खिशातच असंल. उचलायचा कंटाळा केला मी. मजा वाटत व्हती मला."

द्वारकाबाई उठली. "चहा ठेवते," म्हणाली.

चहा झाला, पावसाच्या आणि तुरीच्या भावाच्या गोष्टीही झाल्या. पण निघताना ती दरसालसारखी फाट्यापर्यंत आली नाही, अंगणातूनच "या" म्हणाली.

परतीच्या वाटेवर शिवशंकराला राहवेना. "आबा, मी यंत्राला एकदा तिचं नाव सांगितलं असतं तर…"

"तू कशाला सांगशील? मीच सांगितलं नाय. जे पक्कं हाय ते कोन सांगत बसतंय?"

"काढून टाकू का ते?"

खंडेरावानं बराच विचार केला. फोन लागत नाही म्हणून लोक हिंडत होते, तेही काही बरं नव्हतं. "यंत्र ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "पन माझा आवाज काढ त्यातनं. अन् त्याला म्हनावं, कुनाला व्हय म्हनू नको, नाय म्हनू नको. निरोप घे अन् गप बस. व्हय-नाय मी सांगंन, पायी जाऊन."

सोमवारी वाडा हलला. ढोरकीनकडचा एक शेतकरी ऐन वेळी तयार झाला होता, तिकडं निघायचं होतं. शिवशंकरानं ऑफिसातून रजा काढली आणि तोही काठी घेऊन मेंढरांबरोबर चालू लागला. उन्हं कलली होती. बानाबाई घोड्यावर बिऱ्हाड लादून मागून येत होती.

फाट्यावर आल्यावर पुढची मेंढरं कुणी न सांगता डावीकडं वळली. ती द्वारकाबाईच्या रानाची वाट. बघता बघता अख्खा कळप तिकडं घुसला.

"आबा, ही तिकडं चालली!"

"दरसाल तिकडंच जात्यात. त्यांना काय ठावं?" खंडेराव धोतर सावरत धावला. "वळीव, वळीव लवकर!"

शिवशंकर कळपाच्या पुढं पळाला आणि हात पसरून वाटेत आडवा उभा राहिला. मेंढरं थांबेनात. त्याच्या मांड्यांना धडका देत, ओरडत, बाजूनं निसटायला बघत होती. पलीकडच्या रानातून मुंजाबाच्या मेंढरांचा आवाज येत होता, त्यानं ही आणखीच बावरली. बांधावर द्वारकाबाई येऊन उभी राहिली. तिनं तोंडाला पदर लावला होता आणि ती नुसती बघत होती.

"माघारी फिरा गं, माघारी!" शिवशंकर त्यांना विनवत होता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

खंडेरावानं एडक्याचं शिंग धरून त्याला उजवीकडं ओढलं. मग एकेक करत बाकीची फिरली. शेवटचं कोकरू त्यानं काखेत मारलं, बांधाकडं पाहून हात जोडले आणि लेकाला म्हणाला, "चल. पुढल्या पाडव्याला येऊ आपन. ती व्हय म्हनली तर म्हनली."