मशीनच्या आवाजाआड

आमच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत एक रीत होती. आमेन म्हणण्याआधी प्रत्येकाने, आज मी प्रभूसाठी काय सोडलं, ते सांगायचं. ही रीत दादाची. वडील गेल्यावर शिवणाचं दुकान आणि घरची प्रार्थना दोन्ही त्याच्या गळ्यात पडली आणि त्याने दोन्ही जिवाला लावून घेतली. वहिनी रोज राग सोडायची आणि दुसऱ्या दिवशी तोच राग पुन्हा सोडायची. त्यांची धाकटी मुलगी म्हणायची, मी भोपळ्याची भाजी सोडली. सगळे हसत. दादा हसत नसे.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मी तिथे काजं करायला बसायची. खडूची पूड, मशीनच्या तेलाचा वास, इस्त्रीखालून उठणारी वाफ. अजून डोळे मिटले की सगळं येतं. मागच्या खोलीत आईची खाट होती, मध्ये नुसता पडदा. आईचं दुखणं हाडांत उतरलं होतं. डॉक्टरांनी बरं होण्याची आशा दिली नव्हती, फक्त कळा थांबवायच्या गोळ्या दिल्या होत्या.

एका संध्याकाळी तिची सांगायची पाळी आली तेव्हा आई म्हणाली, "आज मी गोळी सोडली. वधस्तंभावर चढवण्याआधी प्रभूला गुंगीचा द्राक्षारस देऊ केला, तो त्यानेही घेतला नव्हता." दादाचे डोळे भरून आले. रविवारी त्याने चर्चमध्ये मंडळीपुढे तशी साक्ष दिली. मग लोक आईला बघायला येऊ लागले. बायका तिचा हात हातात घेऊन आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगत. आणि रोज संध्याकाळी दादा सगळ्यांत आधी तिच्याकडे बघायचा. ती रोज तेच सांगायची.

वहिनीला हे पटत नव्हतं. ती वेळच्या वेळी गोळी उशाशी ठेवायची आणि तशीच परत उचलायची. दादाला म्हणाली, तुमच्या दाढेला कळ लागली होती तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतंत. दादा म्हणाला, आईची श्रद्धा आपल्या मापाची नाही.

दुपारी दादा जरा टेकला की आई आतून हाक मारायची, "मशीन चालू ठेव रे. मला तो आवाज बरा वाटतो." दादाला त्याचं फार कौतुक. काम नसलं तर तो चिंध्यांवर टीप मारत बसायचा, पण पायाखालचा मशीनचा पायटा थांबवायचा नाही.

एका दुपारी मशीनचा पट्टा तुटला. चाक दोन फेरे फिरून थांबलं आणि पडद्यामागचा कण्हण्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. तो आईचा आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. दादा पायट्यावर पाय ठेवून तसाच बसला. मग उठून आत गेला, मागोमाग मी आणि वहिनी. आईने चादरीचं टोक दातांत धरलं होतं. त्या टोकाची शिवण पार कुरतडलेली होती, एका दिवसाची नव्हे.

दादा खाटेपाशी खाली बसला. "गोळी का नाही घेतलीस? देव काय रागावला असता?"

आईने टोक तोंडातून काढलं. "देव नसता रागावला. तूही काही बोलला नसतास. तेच मला जड गेलं असतं."

"मला वाटलं, तू प्रभूचं ऐकतेयस."

"पहिल्या दिवशी त्याचंच ऐकलं होतं. पुढे तुझं ऐकत गेले, बाळा."

वहिनीने गोळी आणि पाण्याचा पेला दादाच्या हातात ठेवला. म्हणाली, "आता तुम्हीच द्या. माझ्या हातची त्या घेणार नाहीत." दादाने आईचं डोकं उचलून तिला गोळी दिली, अर्धं पाणी उशीवर सांडलं.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, आज मी गोळी घेतली आणि झोपले. वहिनीने मध्येच आमेन म्हणून टाकलं. दादाची पाळी आली. धाकटी म्हणाली, बाबांनी आज काहीच नाही सोडलं. ती रीत तिथेच संपली.

पुढच्या रविवारी दादा मंडळीत उभा राहिला आणि त्याने घडलं ते सगळं सांगितलं. प्रभूने मला दुःख सोसायला सांगितलं असेल, मी ते आईकडून सोसून घेतलं, असं म्हणाला. लोकांनी त्याचा हात दाबला. किती नम्र माणूस, असं दोघेतिघे मला बाहेर येऊन म्हणाले. दादा घरी येऊन जेवला नाही.

आईचे शेवटचे दिवस शांत गेले. जाण्याआधी तिने दादाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला क्षमा केली, मी तिथेच होते. ती त्याने घेतली की नाही, मला अजून सांगता येत नाही.

आता दुकान त्याचा मुलगा चालवतो. मशीन विजेची आहे. दादा कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला असतो. कामाच्या ऐन गर्दीत तो एकदम म्हणतो, "जरा थांबव रे." मुलगा कुरकुरत नाही, बटण बंद करतो. मागच्या खोलीत आता नुसती कापडाची ठाणं आहेत. दादा पडद्याकडे कान करून थोडा वेळ ऐकतो.

मग म्हणतो, "हं. कर चालू."